सुतकातली चोरी

१

शनिवारी सकाळी अस्मिताने प्लास्टिकचं फोल्डर जेवणाच्या टेबलावर उपडं केलं. सावनीचा अमेरिकन पासपोर्ट होता, वीरचा नवाकोरा पासपोर्ट होता, जन्मदाखले होते, उद्याच्या तिकिटांच्या प्रिंट होत्या. दोन ओसीआय पुस्तिका तेवढ्या नव्हत्या. तिने फोल्डर पुन्हा झटकलं, मग खुर्चीवर बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. सोमवारपासून ते येतच नव्हतं.

सोमवारी नागपूरला तिचे बाबा गेले होते. ती एकुलती एक. आई फोनवर म्हणाली होती, "अस्थी तशाच ठेवल्या आहेत. पोरांना घेऊनच ये. सावनीच्या हातून अंबाळ्याच्या तळ्यात सोडायच्या, हे त्यांचंच म्हणणं होतं." हे सगळं अस्मिताने ऐकलं होतं, हो म्हटलं होतं आणि फोन ठेवून भांडी घासली होती.

दोन देशांची पोरं वाढवायची म्हणजे कागदांचे दोन संसार सांभाळायचे. पोरं इथे ओहायोत जन्मली म्हणून अमेरिकन. तरीही ती आपलीच आहेत, हे भारत सरकारला मान्य असल्याची खूण म्हणजे ती निळसर पुस्तिका. ती हातात नसेल तर विमानकंपनीची बाई गोड हसते आणि पोराला विमानात चढू देत नाही. मागच्या खेपेला पुस्तिका चुकून आत गेलेल्या बॅगेत राहिल्या होत्या, तेव्हा सगळं कुटुंब काउंटरपाशी ताटकळलं होतं, सासूबाईंसकट.

त्यात वीरचा पासपोर्ट संपलेला. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांत संपतो, आणि वीरला पाच पुरी झाली आहेत, हे आजोबा जाईपर्यंत कुणाच्या ध्यानात नव्हतं. मग बुधवारी डेट्रॉइटची धावपळ. तातडीचा पासपोर्ट हवा तर आईबाप दोघंही हजर पाहिजेत. शैलेंद्र गाडी चालवत गेला, रांगेत उभा राहिला, वीरला बाथरूमला नेऊन आणलं. दिवसभर त्याचा फोन एकदाही वाजला नाही. नवरा एवढा सगळाच्या सगळा आपल्या वाट्याला आला याचं तिला बरं वाटलं होतं.

आता घर उलथंपालथं झालं. सोफ्याच्या गाद्या निघाल्या, गाडी झाडली गेली, कचऱ्याचा डबा गराजमध्ये ओतला गेला. गराजच्या दाराशी किल्ल्या टांगायची पट्टी होती. तिथला एक हूक रिकामा होता. तिथे काय असायचं हे अस्मिताला आठवेना, आणि आठवून करायचं काय हेही कळेना. वीरची जीन्स उलटी केली तर खिशातून कापसाचे तंतू चिकटलेले साखरफुटाणे निघाले.

"दॅट्स माइन," वीर म्हणाला. "आजीने दिले. काल. बाप्पाचे."

शैलेंद्रने हॉलमधल्या कोट ठेवायच्या कपाटाला हात घातला. त्या कपाटात त्याच्या आईने, सरलाताईंनी, देवघर मांडलं होतं.

"अरे, सुतक आहे ना," त्या मागून म्हणाल्या. "तिथे काय बघतोस?"

शैलेंद्रचा देवावर विश्वास नाही, पण आईपुढे त्याचं काही चालत नाही. त्याने हात मागे घेतला. मग तो टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "अस्मिता, काल संध्याकाळी आपल्या प्रथमेशने लायब्ररीतून फोल्डर परत आणलं, तेव्हापासून बाहेरचं कुणीही घरात आलेलं नाही."

२

उत्तरा दुपारी आली. अस्मिताची ती जुनी मैत्रीण, पुण्याची. कोलंबसमधल्या एका विमा कंपनीत ती दाव्यांची चौकशी करायची. गराज आपोआप कसं जळलं हे लोकांकडून ऐकून घ्यायचं, याचाच तिला पगार मिळत असे. तिने डब्यातून खिचडी आणली होती, ती तिने ओट्यावर ठेवली आणि अस्मिताच्या शेजारी बसली.

"रडलीस?"

"नाही."

"बरं. मग आधी हे बघू."

तिने टेबलावरचे कागद नुसते पाहिले, हात लावला नाही. "यार, चोराने पासपोर्ट ठेवले आणि ओसीआय नेले. बाहेरचा चोर असता तर उलटं केलं असतं. ओसीआय बाजारात कुणी घेत नाही."

"मग कुणी नेले?"

"ज्याला पोरांचं काही वाईट करायचं नाही, फक्त उद्या त्यांना विमानात चढू द्यायचं नाही, त्याने. पोरं इथे राहिली तर त्यांचं काहीच अडत नाही बघ. शाळा, डॉक्टर, सगळं पासपोर्टवर चालतं. अडतं ते फक्त नागपूर. तुझा पासपोर्ट कुठंय?"

"पर्समध्ये. तिकीट काढल्यापासून पर्समध्येच आहे."

"म्हणजे तो हाताला लागला नाही." उत्तराने मान हलवली. "आणि पोरांशिवाय तू जाणार नाहीस, हे त्याला ठाऊक आहे."

घरात माणसं चारच आणि पोरं दोन. बेसमेंटमध्ये प्रथमेश राहायचा, शैलेंद्रच्या मित्राचा भाऊ, युनिव्हर्सिटीत मास्टर्स करणारा. वीरचा नवा पासपोर्ट ओसीआयच्या वेबसाइटवर चढवायचा होता आणि घरचा स्कॅनर मान टाकून बसला होता, म्हणून शुक्रवारी प्रथमेशच फोल्डर घेऊन लायब्ररीत गेला होता.

प्रथमेश वर आला तोच अपराधी चेहऱ्याने. "वहिनी, मी दोन्ही ओसीआय स्कॅन केले, परत आत ठेवले. देवाशपथ. आल्यावर फोल्डर इथेच ठेवलं. काकू भाजी निवडत होत्या, त्यांना सांगितलं पण."

"वाटेत कुठे थांबलास?" उत्तराने विचारलं.

"नाही."

"लायब्ररीत कुणी भेटलं?"

तो घुटमळला. त्याने अस्मिताकडे पाहिलं, मग जिन्याकडे. शैलेंद्र वर मुलांच्या खोलीत सूटकेसा उपसत होता.

"ताई, ते मला नाही सांगता येणार," प्रथमेश म्हणाला. "तुम्ही दादांनाच विचारा."

३

अस्मिताला वाटलं आता आपल्या छातीत धस्स व्हायला हवं. झालं नाही. नवरा आणि लायब्ररी यांच्यात काय वाईट असू शकतं याचा तिने विचार करून पाहिला, आणि तो विचारही अर्ध्यात बसून राहिला.

"त्याला नंतर विचारू," उत्तरा म्हणाली. "सावनी कुठंय?"

दहा वर्षांची सावनी खिडकीत बसून गुडघ्यावर काहीतरी गिरवत होती. परवा तिने आईला विचारलं होतं, "डू आय हॅव टू टच इट?" अस्थी हा शब्द तिला कुणीतरी समजावला होता, आणि जरा जास्तच समजावला होता. तेव्हापासून ती जायचं नाही म्हणत होती.

"मावशी, आय डिडन्ट टेक देम," ती आपणहूनच म्हणाली.

"माहितीये मला. तू घेतले असतेस तर मोठी माणसं शोधतात तिथेच लपवले असतेस. तुला जायचं नाहीये का?"

"आय वॉज स्केअर्ड. पण आजोबांना प्रॉमिस केलं होतं मी. व्हिडिओ कॉलवर." तिने पेन्सिल खाली ठेवली. "मावशी, इज आजी ओके?"

"का गं?"

"शी वॉज टॉकिंग टू द क्लॉझेट. आज सकाळी. दार बंद होतं आणि ती हात जोडून सॉरी म्हणत होती. लाइक, मराठीत सॉरी."

"काय म्हणाली?"

"चुकलं तर पदरात घे. आय डोन्ट नो व्हॉट दॅट मीन्स."

उत्तराने खिडकीबाहेर लाल झालेल्या मेपलकडे पाहिलं आणि मग अस्मिताला विचारलं, "काल सकाळी तुमच्या घरात उदबत्ती लागली होती का?"

अस्मिताने आठवायचा प्रयत्न केला. कालची सकाळ तिच्या हाताला लागेना. "मला नाही सांगता येणार. मला या आठवड्यातलं काहीच सांगता येणार नाही."

"वीरला येईल," उत्तरा म्हणाली आणि त्याच्याशी बोलायला उठली.

४

सरलाताई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. बाई मोठी कामाची. सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या, पण घर असं हातात घेतलं होतं की अस्मितालाच पाहुणीसारखं वाटे. सून म्हणून त्या तिला कधी टोचून बोलल्या नव्हत्या. बाबा गेल्याचं कळलं तेव्हा पहिला पाण्याचा पेला त्यांनीच तिच्या हातात दिला होता.

"काकू, चहा मी टाकते," उत्तरा म्हणाली. "तुम्ही बसा जरा."

"बसून काय करू? उद्या निघायचं म्हणजे दशम्या तरी व्हायला हव्यात."

"म्हणजे उद्या निघतील असं वाटतंय तुम्हाला?"

लाटणं क्षणभर थांबलं. "सापडतील की. सापडले तर निघतील."

"काल प्रथमेशने फोल्डर ठेवलं तेव्हा तुम्ही टेबलापाशीच होता ना?"

"होते. मेथी निवडत होते. फोल्डरात काय असतं ते मला काय कळतंय? सगळं इंग्रजी."

"मागच्या वेळी एअरपोर्टवर अडवलं होतं तेव्हा तुम्ही बरोबर होता. निळी पुस्तिका नसली तर सोडत नाहीत, हे तुम्हाला कळलं होतं."

"ते कुणालाही कळेल," सरलाताई म्हणाल्या, आणि त्यांनी पोळी तव्यावर टाकली.

उत्तराने आलं किसलं. तिचा आवाज चौकशीचा वाटत नव्हता. "काकू, देवघर बंद दिसतंय."

"सुतक आहे ना. हिचे वडील गेले."

"हं," उत्तरा म्हणाली. "माझे वडील गेले तेव्हा मी इथे अमेरिकेतच, प्लेनोला होते. सासूबाईंनी मला सांगितलं, लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीनच दिवस. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून देवापुढे दिवा लावून घेतला. मला फार लागलं होतं ते. एवढा बाप, आणि तीनच दिवस. म्हणून पक्कं लक्षात राहिलं."

पोळी तव्यावर फुगली आणि करपली. सरलाताईंनी ती उलटली नाही.

"अस्मिताचं सुतक गुरुवारी फिटलं," उत्तरा म्हणाली. "आणि ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

५

शैलेंद्रला खाली बोलावलं. प्रथमेश जिन्याच्या पायरीवर बसला. उत्तराने अस्मिताला टेबलाशी बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"मला कुणाला पकडायचं नाहीये," ती म्हणाली. "हिचं उद्याचं विमान आहे, म्हणून बोलते. वीरच्या खिशात देवाचे साखरफुटाणे निघाले, शुक्रवारचे. म्हणजे शुक्रवारी सकाळी देवघर उघडलं, पूजा झाली, नैवेद्य झाला. सुतक संपलं होतं, बरोबरच होतं ते. मग शुक्रवारी संध्याकाळी फोल्डर आलं, आणि शनिवारी देवघर परत बंद. फिटलेलं सुतक कुणाला परत लागत नाही. पण या घरात तो एक शब्द उच्चारला की सगळे हात मागे घेतात. न मानणारासुद्धा."

शैलेंद्रने आईकडे पाहिलं. त्या पदराने हात पुसत होत्या, पुसून झाले तरी पुसत होत्या. काखेत कळसा म्हणतात तसं झालं होतं, फक्त कळसा कुणी विसरला नव्हता, ठेवला होता.

"आई, का?" त्याने विचारलं.

"त्यांना कशाला विचारतोस?" उत्तरा म्हणाली. "तूच सांग. शुक्रवारी भर ऑफिसच्या वेळेत प्रथमेशला लायब्ररीत भेटलास, तिथे काय करत होतास?"

प्रथमेशने मान खाली घातली.

तेव्हा अस्मिताला तो हूक आठवला. गराजच्या दाराशी, किल्ल्यांच्या शेजारी, तिथे शैलेंद्रचा ऑफिसचा बॅज असायचा, निळ्या दोरीचा. डेट्रॉइटला दिवसभर न वाजलेला फोन तिला आठवला. इस्त्रीचे शर्ट घालून तो रोज सकाळी निघत होता हेही आठवलं. सगळं तिच्या डोळ्यांसमोर पडलेलं होतं आणि तिने ते ओलांडून ओलांडून आठवडा काढला होता.

"नोकरी गेली तुझी," ती म्हणाली.

"सोमवारी सकाळी," शैलेंद्र म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता. "मीटिंगला बोलावलं, बॅज काढून घेतला. तुला फोन करायला म्हणून पार्किंगमध्ये आलो, तर तुझाच फोन आला. बाबा गेले म्हणून. त्यावर मी काय बोलणार होतो?"

अस्मिताचा व्हिसा शैलेंद्रच्या नोकरीच्या शेपटीला बांधलेला होता. नोकरी गेली की काही आठवडे देशात थांबायची मुभा असते, तेवढ्यात दुसरी शोधायची. पण त्या काळात जो बाहेर गेला, त्याला परत आत यायला कागद उरत नाही. पोरांना दोन्हीकडे दार उघडं. आईचं मात्र बाहेर पडताच बंद होणार होतं.

"म्हणजे उद्या मी गेले असते," अस्मिता सावकाश म्हणाली, "आणि तू मला जाऊ देणार होतास. न सांगता."

"तू परत येईपर्यंत मिळेल दुसरी, असं वाटलं. आणि सांगितलं असतं तर तू बाबांसाठी गेली नसतीस. ते मला आयुष्यभर पुरलं असतं."

"मला गुरुवारी रात्री सांगितलं त्याने," सरलाताई म्हणाल्या. "आणि शपथ घातली, तिला बोलू नकोस म्हणून. मी काय करायचं होतं? शपथ मोडायची का सुनेला जाऊ द्यायचं? तिकडे अडकलीस तर पोरं अर्धी इकडे अर्धी तिकडे. म्हटलं, एक विमान चुकेल. चार दिवसांनी त्याला कंठ फुटेल, मग ठरवतील दोघं. देवाच्या हवाली केलं आणि दार लावलं." त्यांनी डोळे पुसले. "खोटं सुतक सांगितलं मी. तुझ्या बापाच्या नावाने. त्याचं पाप माझ्याकडे."

सगळे अस्मिताकडे बघत होते. ती चिडेल, ओरडेल, असं त्यांना वाटत असणार. तिला स्वतःलाही तसं वाटत होतं. पण राग यायला जी जागा लागते ती अजून बधिरच होती. ती उठली आणि कपाटापाशी गेली.

६

दार तिनेच उघडलं. आत कालची फुलं सुकली होती. देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या आसनाखाली लाल कापडात गुंडाळलेल्या दोन पुस्तिका होत्या. कापडावर हळदकुंकू वाहिलेलं होतं.

तिने वरची पुस्तिका उघडली. सावनीची. मुलगी दहा वर्षांची झाली तरी त्यातला फोटो बदलत नाही. दोन महिन्यांचं, डोळे अर्धवट मिटलेलं ते बाळ प्रत्येक काउंटरवर दाखवायचं, आणि काउंटरवाला बाळाकडे बघतो, मग सावनीकडे बघतो, आणि खांदे उडवतो. फोटो घरीच काढला होता. बाबा तेव्हा बाळंतपणासाठी म्हणून आईबरोबर इकडे आले होते. बाळ मान धरत नव्हतं आणि नियम असा की धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. म्हणून बाबा पांढरी चादर अंगावर घेऊन खुर्चीत बसले, चादरीच्या आतून नातीला धरून. कितीतरी फोटो वाया गेले. शेवटचा बरा आला म्हणून तो पाठवला.

आता तिने तो जवळून पाहिला. इतकी वर्षं सगळ्यांनी चेहराच पाहिला होता. बाळाच्या डाव्या कानाखाली, चादरीच्या दुमडीतून, बोटाचं एक पेर बाहेर आलं होतं. त्यावर वाकडं वाढलेलं नख होतं. ते नख लहानपणी सायकलच्या साखळीत सापडलं होतं, असं बाबा सांगायचे.

अस्मिता देवघरासमोर खाली बसली, आणि सोमवारपासून अडलेलं सगळं एकदम आलं. तिला ते आवरता आलं नाही आणि तिने आवरलंही नाही. सरलाताई मागून आल्या, बसल्या, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बऱ्याच वेळाने ती शैलेंद्रला म्हणाली, "मी जाणार आहे. पोरांना घेऊन."

"मग परत?"

"तुला नोकरी मिळाली तर येईन. नाही मिळाली तर तुम्ही दोघं तिकडे या. पण यापुढे मला आधी सांगायचं. मी रडत असले तरी, मरत असले तरी. माझ्या जाण्यायेण्याचं तुम्ही दोघांनी परस्पर ठरवायचं नाही."

शैलेंद्रने मान हलवली. सरलाताईही "बरं" म्हणाल्या, आणि उठून गॅस पेटवला. दशम्या राहिल्या होत्या. उत्तरा त्यांना मदत करायला आत गेली.

सावनी केव्हातरी येऊन आईच्या खांद्यावरून पुस्तिकेत डोकावत होती.

"हूज फिंगर इज दॅट?"

"आजोबांचं."

सावनीने फोटो डोळ्यांजवळ नेला. "ते लपलेत?"

"हो. तुझी मान पडू नये म्हणून धरून बसलेत."

सावनीने पुस्तिका मिटली, लाल कापडात परत नीट गुंडाळली आणि स्वतःच्या बॅगेत ठेवली. "मी कॅरी करते हे," ती म्हणाली. "आणि ते दुसरं पण मी करीन. अंबाळ्याचं. आय कॅन टच इट."